तुमच्या नावापुढचा शेरा

नाना,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली. एवढ्या काळात मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोललो, पण कागदावर कधी उतरवलं नाही. तुम्ही होता तेव्हाही पत्र लिहायची वेळ आली नव्हती. आपलं गाव आणि माझं नाशिकमधलं पंपाच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान यांत एसटीनं पाऊण तासाचं अंतर. काही सांगायचं असलं की मी यायचो, ओसरीवर बसायचो, आणि बहुतेक वेळा न सांगताच परत जायचो. आज लिहायला बसलो आहे, कारण तुमच्याबद्दलची एक गोष्ट मला कळली आहे आणि ती कळल्यापासून अन्न गोड लागतं आहे. जळालेल्या मोटारीची तार उकलत बसलेलो असतो आणि मध्येच हसू येतं. समोरचं गिऱ्हाईक विचारतं, "काय झालं शेठ?" काय सांगणार त्याला.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारच्या वेळी दुकानात फोन आला. "दादा, मनमाडहून बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला. मला आवाज ओळखू येईना. मी विचारलं, "कोण मनमाडहून?" तर तो हसला. "काकाचा पोरगा रे. किती काका हायेत तुला?" मी बसल्या जागेवरून उभा राहिलो. तुमच्या दहाव्याला तो आला होता, गंगेवर, गोदेच्या घाटावर, लांब पायरीवर बसून राहिला आणि न जेवता गेला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. आता तो रेल्वेत आहे, पोरं मोठी झालीत, आणि मनमाडच्या बाहेर शिवारातला एक लहानसा तुकडा त्याला घ्यायचा आहे. म्हणाला, "इथले लोक म्हणत्यात, शेतकरी असल्याचा पुरावा आणा. शेतकरी नसंल त्याला शेतजमीन घेता येत नाय. माझ्या नावावर तर वीतभर रान नाय. आज्याच्या जमिनीच्या कागदात कुठं कोपऱ्यात माझ्या बापाचं नाव असंल तर बघ की." मी म्हणालो, बघतो. त्यावर तो पुन्हा हसला. "नसंल तरी सांग. वाईट नाय वाटणार, सवय झालीय."

त्या शेवटच्या वाक्यानं मला दिवसभर काही सुचू दिलं नाही. सातबाराच्या उताऱ्यावर काय आहे ते मला माहीत होतं. आई गेल्यापासून तिथं माझं एकट्याचं नाव आहे. आणि नाना, आज तुमच्यापासून लपवून काय करू, मला वाटत होतं की काकाच्या पोराचं नाव कुठंच नाही, कारण तुम्ही ते लागू दिलं नाही. गावही तेच म्हणायचं. रोज सकाळी देवपूजा झाली की मी तुमच्या फोटोलाही गंध लावतो. हात पुढं व्हायचा, मन मात्र पाठीमागं उभं राहायचं. बापाविषयी असं वाटणं बरं नाही म्हणून मी देवाची माफी मागायचो, आणि माफी मागताना पुन्हा तीच गोष्ट आठवायची.

मी अकरा वर्षांचा आहे. काका काविळीनं गेल्याला वर्ष झालंय. शाळेत जायच्या आधी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ताट घेऊन बसलोय. स्टोव्हचा आवाज एवढा आहे की आत बसलेल्याला ओसरीवरचं बोलणं ऐकू जात नाही. काकू भाकरी थापते आहे, तिचा सहा वर्षांचा पोरगा तिच्या पाठीला टेकून बसलाय. आई कालवणाखाली जाळ कमी-जास्त करते आहे. तुम्ही बाहेर ओसरीवर. तुम्ही काकूचे भासरे. आपल्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर यायची नाही, बोलायची तर नाहीच. तुमचं दोघांचं काही काम असलं की मध्ये आई. काकू म्हणते, "बाई, त्यांना म्हणावं, माझ्या पोराचं नाव उताऱ्याला लावा. उद्याचं कोणाचं काय सांगता येतंय." आई उठून उंबऱ्यापर्यंत येते, माझ्या डोक्यावरून तुम्हाला सांगते. तुमचा मळता हात थांबतो. तंबाखू हातावर तशीच राहते. मग म्हणता, "तिला म्हणावं, माझं नाव लागलंय ते माझ्या एकट्याचं नाय. त्यात तिच्या पोराचं बी हाय. कागदात तसं लिव्हून घेतलंय. पोरगं मोठं झालं का त्याचा तुकडा त्याला मोजून देणार." आई स्टोव्हशी परत जाते आणि म्हणते, "ते म्हणत्यात, नाव त्यांचंच राहील. पोरगं मोठं झालं का बघू."

आई खोटं बोलली नाही. तिला सगळं आटवून सांगायची सवय होती. शेजारणीचं अर्ध्या तासाचं गाऱ्हाणं ती तुम्हाला चार शब्दांत सांगायची आणि त्याचं तुम्हाला कौतुक वाटायचं. मी दोन्ही वाक्यं ऐकली. मला त्यांत काही फरक दिसला नाही. काकूनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बघू! म्हंजे मी मेल्यावर." तुमच्यापर्यंत हे गेलं नाही. आईनं ते नेलंच नाही.

महिन्याभरानं काकूचा भाऊ मनमाडहून आला, तोही रेल्वेतच होता, आणि तिला पोरासकट घेऊन गेला. जाताना तिनं लांबूनच ओसरीला हात लावून डोक्याला लावला. तुम्ही खांबाकडे बघत म्हणालात, "तिला म्हणावं, घर तिचंच हाय." पण आई रडत होती. तो निरोप तिथंच राहिला.

पुढं दर वर्षी मळणी झाली की तुम्ही मनमाडची पोती भरायचा. गहू, बाजरी, थोडे हरभरे. आधी त्यांची पोती, मग घरची कणगी. मला सोबत घ्यायचा आणि खडा दिसला की ओरडायचा, "निवडून भर, तिकडं शहरात निवडत बसत्यात का?" पोत्यांची तोंडं स्वतः शिवायचा आणि एसटीच्या टपावर चढवून कंडक्टरला दहादा बजावायचा. आई एकदा हळूच म्हणाली, "पाप फिटतंय का बघत्यात." ती असं बोलली की माझ्या मनात ते कोरलं जायचं. मी जवान झालो तोवर मला खात्रीच झाली होती की ते धान्य म्हणजे तुमच्या मनाला लागलेल्या टोचणीवरचं औषध आहे. त्याचा हिस्सा आहे म्हणून ते जात असेल, हा साधा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

मी बावीस वर्षांचा असेन. नाशिकला मोटारी भरायचं काम शिकत होतो, रविवारी गावी यायचो. पारावर एकानं टोमणा मारला, "तुमचं बरंय गड्या, दोन घरचं रान अन् एकच कणगी." मी रागानं थेट विहिरीवर आलो. तुम्ही फावडं धूत होता. मी म्हणालो, "काकूच्या पोराचं नाव का नाही लावत तुम्ही? लोक काय बोलतात ते कानावर येत नाही का?" तुम्ही मान वर केली नाही. "उतारा वाचता येतो का तुला?" मी म्हणालो, "येतो की, दहावी झालोय." तुम्ही म्हणालात, "मंग वाच जाऊन," आणि फावडं खांद्यावर टाकून निघून गेलात. मी पाठीमागून तुमच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा.

मी खरंच चावडीवर जाऊन उतारा पाहिला. हातानं लिहिलेला, शाई पिवळी पडलेली. तुमचं नाव होतं आणि नावापुढं टिंबं दिलेली तीन बारीक अक्षरं होती, ए.कु.मॅ. उताऱ्यावर अशी अक्षरं जागोजाग असतात. मी ती ओलांडून पुढं गेलो. तलाठ्याला विचारता आलं असतं, पण शिकलेल्या माणसाला न कळलेलं विचारायची लाज वाटते. चौथी शिकलेल्या तुम्हाला ती लाज नव्हती म्हणून तुम्हाला त्या अक्षरांचा अर्थ माहीत होता.

फोन आल्यावर मी तहसील कचेरीत जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी अर्ज दिला. आजोबा वारले तेव्हा जमिनीवर कोणाची नावं चढली, ते त्या फेरफारात असतं. दोन-तीन खेपा झाल्यावर एका सकाळी रेकॉर्डच्या खोलीत बोलावलं. तिथल्या मॅडम माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. लाल फडक्यात बांधलेलं दप्तर सोडता सोडता म्हणाल्या, "शिंका आल्या तर बाजूला तोंड करा, कागद उडतात." मग एका पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे तुमचे वडील?" मी म्हणालो, हो. "मॅनेजर होते." मी म्हणालो, "नाही हो मॅडम, शेतकरी होते." त्या हसल्या आणि त्यांनी मला खुर्ची दिली.

त्यांनी समजावलं ते तुम्हाला नवीन नाही, पण मला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घरचा कर्ता गेला की पूर्वी सगळ्या भावांची नावं लावत बसत नसत. थोरल्याचं एकट्याचं लावायचे आणि त्याच्यापुढं ही अक्षरं लिहायचे. त्या म्हणाल्या, "नाव दिसतं एकाचं, जमीन सगळ्यांची. हा माणूस मालक नाही, सांभाळणारा आहे. आणि हा सांभाळणारा गेला ना, की नुसत्या त्याच्या पोरांची नावं लावायची नसतात. मूळ माणसाचे जेवढे वारस, तेवढ्यांची लावायची. इथंच सगळी गावं चुकतात." मी त्यांना मनमाडचं सांगितलं. त्या मान हलवत म्हणाल्या, "रोजचं आहे हे. मॅनेजरची पोरं मालक होऊन बसतात आणि बाकीची पोरं पुरावा शोधत फिरतात."

फेरफारात स्पष्ट लिहिलं होतं. मयताला मुलगे दोन, पैकी थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. धाकट्याचं, म्हणजे काकाचं नावही त्या ओळीत होतं. भावाला हवा तो कोपरा सापडला होता. मी उठणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा, अजून एक आहे," आणि त्यांनी मागं टाचलेला एक कागद दाखवला. तो तुमचा जबाब होता. काकू मनमाडला गेली त्याच्या पुढच्या वर्षीचा. तेव्हा जुने उतारे नव्यानं लिहायला घेतले होते आणि नव्या पानावर उतरवताना हे शेरे पुष्कळ ठिकाणी गळत होते. तुम्ही स्वतः कचेरीत आला होता. जबाबात लिहिलं होतं की धाकटा भाऊ मयत असून त्याचा मुलगा लहान आहे, जमिनीत निम्मा हिस्सा त्याचा आहे, तरी माझ्या नावापुढचा शेरा कमी करू नये. खाली तुमची सही. प्रत्येक अक्षर वेगळं, शाळेच्या पाटीवर काढल्यासारखं, आणि शेवटच्या अक्षराची वेलांटी ओळीबाहेर गेलेली. मॅडम म्हणाल्या, "स्वतःच्या नावापुढचा शेरा राहू द्या म्हणून सांगायला आलेला माणूस मी नोकरीत पहिल्यांदा बघतेय. लोक काढा म्हणून येतात."

मी पाणी मागितलं. तुम्ही त्या दिवशी पेरणीच्या, नांगरटीच्या कोणत्या कामातून उठून आला असाल, कोणत्या एसटीनं, डबा नेला होता की उपाशीच परत आलात, असलं काहीतरी मनात येत राहिलं. घरी येऊन तुम्ही कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही, नाहीतर तिनं कधीतरी चार शब्दांत मला सांगितलं असतं. पारावरच्या माणसांना तर नाहीच. मला विहिरीवर जे म्हणालात तेवढंच, वाच जाऊन.

मॅडमनी पुढचं पान उलटलं आणि विचारलं, "ही सही कोणाची?"

ती माझी होती, नाना. तुम्ही गेल्यावर मी वारस लावायला दिलेला अर्ज आणि त्याच्यासोबतचं प्रतिज्ञापत्र. त्यात आई आणि मी अशी दोन नावं होती आणि खाली एक वाक्य, याशिवाय अन्य कोणी वारस नाहीत. त्याखाली माझी झोकदार सही, खाली दोन रेघा ओढलेली. मी म्हणालो, "माझी." मॅडमनी पान मिटलं. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दप्तर बांधायला लागल्या.

तो दिवस मला चांगला आठवतो. तुमच्या दहाव्यानंतर महिन्याभरानं मी चावडीत बसलोय. तेव्हाचे तलाठी भाऊसाहेब म्हातारे, नाकावरून बघणारे. माझा अर्ज वाचून ते म्हणतात, "हे ए.कु.मॅ. दिसतंय. तुझ्या चुलत्याचं पोरगं हाय ना एक?" मी म्हणतो, "ते मनमाडला असतात, भाऊसाहेब. त्यांचं इथं काही नाही." ते विचारतात, "वेगळे झाले का काय?" मी म्हणतो, "कधीच झाले." ते म्हणतात, "मंग कर सही." एवढंच. मला वाटत होतं की तुम्ही जे केलं ते केलं, आता ते उकरून काढलं तर तुमचंच नाव वाईट होईल. तुमच्यावर पांघरूण घालतो आहे असं समजून मी सही केली. प्रत्यक्षात तुम्ही जे वर्षानुवर्षं धरून ठेवलं होतं ते मी एका सहीत सोडून दिलं. पुढं उतारे संगणकावर आले, तेव्हा गळण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मग याला अन्न गोड कसं लागतंय? मलाही आधी वाटलं होतं की आता बसायची जागा राहणार नाही. पण रेकॉर्डच्या खोलीतून बाहेर आलो तो मी सरळ गंगेवर गेलो, पायरीवर बसलो, तोंडावर पाणी मारलं आणि हलका झालो. चूक माझी आहे, तर मी ती दुरुस्त करू शकतो, मी अजून चालता-फिरता आहे. तुमची असती तर मी काय करणार होतो? मेलेल्या बापाची चूक पोराला नुसती वाहावी लागते. इतकी वर्षं मी ती वाहत होतो आणि ती तुमची नव्हतीच.

त्या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या पितरपूजेत, मी तुमची घागर भरली. तुम्ही दोन भरायचा, एक आजोबांची आणि एक काकाची, वर आंबा ठेवायचा, पाणी काठोकाठ. पोरगं लहान आहे तोवर भावाची घागर मी भरणार म्हणायचा. तुम्ही गेल्यापासून मी तीन भरतो. दर वर्षी तुमच्या घागरीशी मी जरा घाई करायचो, कोणी बघत नसलं तरी. यंदा बायको म्हणाली, "अहो, सांडतंय, किती ओताल?" मी म्हणालो, सांडू दे.

दुरुस्तीच्या अर्जावर सुनावणी लागली तेव्हा भाऊ मनमाडहून सकाळच्या गाडीनं आला. केस पिकलेत, पोट सुटलंय, पण चालणं अगदी काकासारखं, डावा खांदा पुढं. आम्ही दोघं कचेरीच्या झाडाखाली उभे राहिलो. मग तोच म्हणाला, "तुझं दुकान दाखव नंतर. माझा घरचा पंखा घेऊन येणार होतो, पण बायको म्हणाली, पहिल्याच भेटीत भावाला कामाला लावू नका." आत टेबलावरच्या कारकुनानं माझा जबाब लिहायला घेतला आणि विचारलं, "कारण काय लिहू? संगणकीकरणात शेरा गळाला, असंच लिहितो. सगळे तेच लिहितात, कोणालाच त्रास नाही." भाऊ शेजारी उभा होता. मी मान डोलावली. सही केली. या खेपेला रेघा ओढल्या नाहीत, एवढंच.

बाहेर चहाच्या टपरीवर मी माझा चहा बाजूला ठेवला. भाऊ बशीत ओतून फुंकर मारत होता. मी म्हणालो, "ऐक. संगणकात काही गळलं नाही. नाना गेल्यावर तलाठ्यानं तुझं विचारलं होतं. मीच म्हणालो, त्यांचं इथं काही नाही." त्यानं चहा संपवला, बशी खाली ठेवली. "मला वाटलंच." मी विचारलं, "कसं काय?" तो म्हणाला, "कंप्यूटरला काय माहीत रे, आम्ही मनमाडला राहतो ते?" टपरीवाला हसला. मग भाऊही हसला, पण लगेच थांबला आणि म्हणाला, "अन् चुलते? त्यांनी बी तसंच सांगितलं होतं का?" मग मी त्याला तुमच्या जबाबाची नक्कल दाखवली आणि त्या सकाळी ओसरीवर तुम्ही जे बोलला होता ते सगळं वाक्य, आईसारखं न आटवता, जसंच्या तसं सांगितलं. त्यानं नक्कल दोनदा वाचली. तुमच्या सहीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आम्ही तर त्यांच्या पोत्यातला गहू खाताना बी त्यांना शिव्या देत होतो." मी म्हणालो, "मीही तेच करत होतो. गहूही तोच."

मी आत जाऊन जबाब बदलून येतो म्हणालो तर त्यानं हात धरला. "माझी गाडी चुकंल. अन् मला शेतकरी व्हायचंय, तुझा न्यायनिवाडा नंतर कर." त्याला मी स्टेशनवर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी एकटा कचेरीत गेलो. कारकून वैतागला. "काका, तुम्ही पण ना! झालेलं काम उकरून काढता." पण त्यानं पुरवणी जबाब लिहून घेतला. वारस नोंदीच्या वेळी चुलत्याच्या वारसांची माहिती असूनही मी दिली नाही. माझ्या सांगण्यावरून लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. आता तो कागद त्याच दप्तरात आहे, तुमच्या जबाबाच्या मागं काही पानांवर. पुढं कोणी ते दप्तर उघडलं तर त्याला दोघांचंही वाचायला मिळेल.

सगळ्यांची संमती असल्यानं पुढं फार काही अडलं नाही. नोटिसा निघाल्या, मुदत गेली, नोंद मंजूर झाली. उताऱ्यावर आता माझं नाव आहे, काकूचं आहे, भावाचं आहे, आणि कोणापुढंही कसली अक्षरं नाहीत. भावाला शेतकरी असल्याचा दाखला मिळाला. त्यानं तो हातात धरून फोटो पाठवला, रेल्वेच्या गणवेशात, वर पागोटं बांधून. खाली लिहिलं होतं, "दादा, आता पावसाची काळजी मला बी." परवा त्याच्या त्या लहानशा तुकड्याचं खरेदीखतही झालं. आपल्या रानातला त्याचा अर्धा भाग त्यानं मलाच कसायला सांगितलाय. मी म्हणालो, चालेल, पण पोती तूच येऊन भरायची.

राहिली काकू. सत्तरीला आली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. भावानं तिला एवढंच सांगितलंय की तुझं नाव लागलं. कसं गेलं होतं आणि कोणामुळं, ते सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "ते तू सांग. मी सांगितलं तर म्हणंल, भावानं चहा पाजला अन् पोरगं विरघळलं." बरोबर आहे त्याचं. त्यालाही दोन महिने झाले. दर रविवारी मी जायचं ठरवतो, आणि दर रविवारी दुकानात कोणाची ना कोणाची मोटार अडकलेली असते. बायको आता तोंडावर म्हणते, "मोटार नाही, तुम्ही अडकलाय."

उद्या रविवार आहे. दुकानाला कुलूप लावून किल्ली बायकोकडे दिली आहे आणि मनमाडचं तिकीट खिशात आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून पोथीत ठेवीन. एक मात्र कबूल करतो, नाना. आज दिवसभर मी तुम्हाला लिहीत बसलो, त्याचं कारण तुमची आठवण अनावर झाली असं नाही. काकूला जे सांगायचं आहे ते आधी अशा माणसाला सांगून बघावं असं वाटलं, जो मध्येच उठून, "का रे असं केलंस?" म्हणून विचारणार नाही. ती विचारणार. आणि तिला काय उत्तर द्यायचं ते मला एवढं लिहूनही सापडलेलं नाही.